साडेसहाची प्रार्थना

६ जानेवारी २०२५, सोमवार

चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. प्रत्येक फेरीला जर्नल लिहावं लागायचं: गाडी किती वाजता सुटली, कुठे अडली, किती मिनिटं, का. रिटायर झाल्यापासून आठ वर्षांत एक ओळ लिहिली नाही. आता माझ्या बायकोच्या, शशीच्या आजाराची नोंद ठेवा असं शिवांगीनं सांगितलंय. ही शिवांगी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणजे गेलेलं बोलणं परत आणणारी. आठवड्यातून तीनदा इथे झाशीत आमच्या घरी येते. वयानं आमच्या लेकीपेक्षा, मयुरापेक्षा लहान, पण दरारा जुन्या कंट्रोलरसारखा. तिला दाखवायची वही वेगळी केली आहे. ही माझी.

तर हकीकत अशी. २७ नोव्हेंबरला सकाळी शशी मेथी निवडत बसली होती. जुडी हातातून सुटली. मी म्हटलं, काय गं, तर तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. उजवी बाजू गेली. दवाखान्यात सतरा दिवस. आता धरून धरून चालते, डाव्या हातानं जेवते. समजतं सगळं. शब्द मात्र सापडत नाहीत. एकच उरलाय: ‘हो’.

‘चहा हवा?’ ‘हो.’ ‘की नको?’ ‘हो.’ मग स्वतःच हसते. आज मीही हसलो. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

७ जानेवारी, मंगळवार

शिवांगीनं आज विचारलं, ‘अंकल, जो चीज़ बचपन से रटी हुई होती है, वो दिमाग में अलग जगह रहती है. गिनती, पहाड़े, आरती. कई बार वही पहले लौटती है. आंटी रोज क्या बोलती थीं?’

मी म्हटलं, ‘प्रार्थना. क्रिश्चन हैं. रोज शाम साडे छह बजे.’

‘बढ़िया. कौन सी? आप शुरू कीजिए, शायद वो पूरी कर लें.’

मला येत नव्हती. लग्नाला चाळीस वर्षं होतील. ती आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, मी बाहेर टीव्हीसमोर बातम्या लावून. ती म्हणायची, ‘अहो, आवाज जरा कमी करा.’ मी करायचो, एक आकडा. किती वेळ चालते ते मला माहीत आहे: अकरा ते बारा मिनिटं. काय चालतं ते माहीत नाही.

शिवांगी वहीत काहीतरी लिहीत होती. वर न बघता म्हणाली, ‘कोई बात नहीं, सीख लीजिए.’

११ जानेवारी, शनिवार

शशीच्या चर्चचे पादरी साहेब येऊन गेले. झाशीच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं. त्यांनी प्रभूची प्रार्थना हिंदीत म्हटली, सावकाश, दोनदा. शशी त्यांच्याकडे प्रेमानं बघत राहिली, ओठ हलले नाहीत. जाताना त्यांनी विचारलं, ‘घर पर किस भाषा में करती थीं?’

मराठीत. तिचे वडील नगरहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले होते. त्यांनीच शिकवलेली. तेव्हा झाशीत पाच-सात मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती म्हणे. आता शशी एकटीच.

पादरी साहेब हसून म्हणाले, ‘तो बाबूजी, यह काम मुझसे नहीं होगा. आप ही को करना पड़ेगा.’

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शशीला तिळाची वडी कुस्करून दिली. नगरला फोन केला. तिचा थोरला भाऊ दीनानाथ, वय पंच्याहत्तर. मी कारण सांगितलं.

‘अनंतराव, तुम्ही शिकणार?’

‘व्यायाम म्हणून. थेरपिस्टनं सांगितलंय.’

‘हो हो. व्यायाम म्हणूनच,’ म्हणाले. आवाज ओला वाटला. त्यांना सर्दी असते.

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर आवाज भरून पाठवला. एक मिनिट आठ सेकंद. म्हणजे शशीची उरलेली दहा मिनिटं कशाची होती?

१६ जानेवारी, गुरुवार

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली. भाषा जुनी आहे. पण अडचण भाषेची नाही, पहिल्याच हाकेची आहे. तिथे देवाला बाप म्हणायचं असतं. माझे वडील भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांना आम्ही भावंडं हाक मारतच नसू, ते हाक मारत आणि आम्ही उभे राहत असू. मी स्वतः बाप म्हणून कसा, ते मयुराला विचारा. तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला वेळेवर पोचलो नाही.

भाकरीची ओळ मात्र पटली. आजच्यापुरती भाकर मागायची, उद्याची नाही.

२० जानेवारी, सोमवार

धाकटी बहीण कमळा हिचा भुसावळहून फोन. दीनानाथांच्या घरच्या कुणीतरी सांगितलं असणार. ‘दादा, तू बाटलास की काय रे या वयात?’

मी म्हटलं, ‘तुझी वहिनी बोलत नाहीये.’

मग म्हणाली, ‘मग म्हण बाबा. जे म्हणायचं ते म्हण. मी इकडे गणपतीला सांगते, गैरसमज करून घेऊ नको म्हणून.’

२३ जानेवारी, गुरुवार

आज झालं!

साडेसहाला टीव्ही बंद केला. शशीच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसलो. पुठ्ठा गुडघ्यावर. सुरुवात केली, घसा साफ केला, पुन्हा सुरुवात केली. गाडीला झेंडी दाखवावी तशी एकेक ओळ वाचत गेलो. शशीनं डोळे मिटले. चौथ्या ओळीला मी अडखळलो आणि पुढचा शब्द तिच्या तोंडून आला. ‘स्वर्गात.’ अगदी स्पष्ट, ‘र्ग’सकट.

मी थांबलो तर तिनं डोळे न उघडता डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर चापटी मारली: पुढे चला. मग भाकर आली. क्षमा आली. शेवटच्या दोन ओळींत ती माझ्या पुढे होती आणि मी मागून धावत होतो.

शिवांगीला लगेच फोन केला. ती फोनवर ओरडलीच. मयुराला केला, ती रडली. त्या गडबडीत मी चहात मीठ घातलं. शशीनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हो.’

२ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस रोज चालू आहे. प्रार्थना जवळजवळ पूर्ण म्हणते. बाहेर मात्र अजून ‘हो’च, शिवाय ‘पाणी’ आणि ‘बघा’.

पण नवीन अडचण उभी राहिली आहे. प्रार्थना संपली की मी उठायला लागतो आणि ती माझी बाही धरते. डोळे मिटूनच असते. वाट बघते. तिची उरलेली दहा मिनिटं. ती तिच्या स्वतःच्या शब्दांची असायची, आणि ते शब्द आता तिच्याकडे नाहीत. ते मी म्हणावेत असं तिला वाटतं.

मला काय म्हणायचं ते कळेना. पाच मिनिटं नुसते बसलो. मग मी म्हटलं, ‘झालं का?’ ती ‘हो’ म्हणाली आणि बाही सोडली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पादरी साहेबांना गाठलं. म्हटलं, पाठ केलेलं येतं, मनातलं येत नाही. त्यांनी विचारलं, ‘ड्यूटी खत्म होने पर आप क्या करते थे?’

‘रिपोर्ट देता था.’

‘तो वही दीजिए. दिन भर में जो हुआ, जहाँ गाड़ी अटकी, बता दीजिए. सुनने वाला सब जानता है, फिर भी उसे आपके मुँह से सुनना अच्छा लगता है.’

मी म्हटलं, ‘और अगर मुझे भरोसा ही न हो कि कोई सुन रहा है?’

‘तो यह भी रिपोर्ट में लिखवा दीजिए,’ म्हणाले. माणूस चांगला आहे.

संध्याकाळी दिला रिपोर्ट. ‘आज फिजिओथेरपीवाले पंचवीस मिनिटं उशिरा आले. शशी बारा पावलं आधाराशिवाय चालली. बी.पी. एकशे चाळीसवर नव्वद. भाजी खारट झाली, चूक माझी. कुणी ऐकत असेल की नाही याबद्दल मला खात्री नाही, नोंद घ्यावी.’

शशीचे खांदे हलायला लागले. मी घाबरून बघितलं. ती हसत होती, गालांवरून पाणी वाहेपर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट या वहीत लिहायची टाळत होतो. ती टाळून ही वही खरी होणार नाही.

आम्ही दोघांनी लग्न करताना ठरवलं होतं, तुझा देव तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. ते नीट चाललं होतं. जानेवारी अठ्ठ्याऐंशीत आम्हाला मुलगा झाला, मयुराच्या आधीचा. दिवस भरायच्या फार आधी. नऊ दिवस होता. मी मालगाडी घेऊन बीना स्टेशनला गेलो होतो, धुक्यानं सगळी लाइन ठप्प. निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तर सगळं आटोपलेलं होतं. शशी स्वतः रेल्वे हॉस्पिटलची नर्स. तिनं आपल्या हातानं त्याच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, नाव ठेवलं, आणि तिच्या वडिलांनी त्याला कबरस्तानात नेलं. मला न विचारता. मी तेव्हा तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याचं नावही लिहीत नाही. सदतीस वर्षांत ते माझ्या तोंडी आलेलं नाही. तिच्याही आलं नाही. विसरली असेल तर बरंच आहे.

साडेसहाला मी टीव्हीचा आवाज चढवायला लागलो तो तेव्हापासून. तेव्हा रेडिओ होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवांगी खूश आहे. शशीचे आता एकवीस शब्द झाले. पण एक शब्द बिघडत चाललाय, तो म्हणजे ‘आमेन’. प्रार्थनेच्या शेवटी ती नीट म्हणते. मग मी रिपोर्ट देतो, आणि तो संपला की ती पुन्हा म्हणायला जाते आणि ‘आमो... आमो...’ असं काहीतरी होतं. मी तिला दुरुस्त करतो. ‘मेन, शशी. आ-मेन.’ ती मान हलवते. मी पुन्हा सांगतो. आज तिनं पुठ्ठा फेकून दिला.

शिवांगी म्हणाली, चिडणं हे सुधारणेचं लक्षण आहे. असेल. मला पुठ्ठा पुन्हा चिकटवावा लागला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या खांद्यालाही काहीतरी झालेलं दिसतं. रिपोर्टनंतर डावा हात छातीशी घेते आणि हळूहळू हलवत राहते. हा चांगला हात, तोही दुखायला लागला तर कसं व्हायचं? मलम चोळून दिलं. चोळताना ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मी एखादं स्टेशन न थांबता सोडलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज रिपोर्टमध्ये आपोआप एक वाक्य आलं: ‘हिला माझ्या आधी नेऊ नका.’ ठरवलं नव्हतं. लगेच बी.पी.चे आकडे सांगितले.

३ मार्च, सोमवार

मयुरा आली आहे पुण्याहून, पाच दिवसांसाठी. साडेसहाला आमच्याबरोबर बसली. मला जरा संकोच वाटला, पण रिपोर्ट दिला. मग शशी म्हणाली, ‘आमो...’ आणि तो डावा हात छातीशी.

मी म्हटलं, ‘आमेन, शशी. आमेन.’

मयुरा माझ्याकडे बघत राहिली. ‘बाबा, ती आमेन म्हणत नाहीये. ती अमोघ म्हणतेय.’

तिनं आईचा हात धरला. ‘अमोघ ना, आई?’

शशी म्हणाली, ‘हो.’ आणि मग, ‘हो, हो, हो.’ असं कितीतरी वेळा.

मी उठून बाहेरच्या खोलीत आलो. थोड्या वेळानं मयुरा आली. मी विचारलं, ‘तुला कसं माहीत?’

‘लहानपणापासून माहीत आहे. रोजच्या प्रार्थनेत असायचा तो. आधी तुमचं नाव, मग माझं, मग अमोघचं. तुमची गाडी वेळेवर येऊ दे, मयुराचा ताप उतरू दे, अमोघला सांभाळ. आई म्हणायची, बाबांसमोर त्याचं नाव काढू नकोस, त्यांना सोसत नाही.’

मी म्हटलं, ‘मला कधी ऐकू आलं नाही.’

‘टीव्ही चालू असायचा, बाबा,’ ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिचा हात दुखत नव्हता. मी त्याला आठवडाभर मलम लावत होतो.

४ मार्च, मंगळवार

सकाळपासून शशीच्या समोर बसवेना. खंडेराव गेटपासून किल्ल्याच्या रस्त्यानं चालत गेलो आणि परत आलो, दोनदा.

साडेसहाला मी सांगितलं, आज आम्ही दोघंच बसतो. प्रार्थना म्हटली, पुठ्ठ्याशिवाय. मग रिपोर्टची वेळ झाली. मी म्हटलं, ‘देवा, अमोघ...’

पुढे गेलंच नाही. आवाजच बंद झाला. तिचे शब्द गेले तेव्हा तिला काय झालं असेल ते मला आज कळलं. शशीनं डोळे उघडले. तिनं उजवा हात, तो निकामी हात, डाव्या हातानं उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

थोड्या वेळानं मी तिला म्हटलं, ‘तेव्हा मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. तू एकटी होतीस. तू केलंस तेच बरोबर होतं. मी तिथे नव्हतो याचा मला राग होता आणि तो मी तुझ्यावर काढला.’

शशी म्हणाली, ‘हो.’

आता तिचा ‘हो’ काहीही असू शकतो. मी विचारलं, ‘हो म्हणजे, रागावली आहेस अजून?’ ती म्हणाली, ‘नाही.’

हा शब्द वहीतल्या यादीत नव्हता. नवीन आहे. शिवांगीला सांगायला हवं, पण कसा आला ते सांगणार नाही.

८ मार्च, शनिवार

मयुरा गेली. जाताना स्टेशनवर म्हणाली, ‘आई दर वर्षी दोन नोव्हेंबरला कुठे जायची, माहीत आहे?’

‘चर्चचं काम असायचं.’

‘कबरस्तानात जायची. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात. मला एकदाच नेलं होतं.’ मग गाडी सुटली. अठरा मिनिटं उशिरा.

१५ मार्च, शनिवार

काल होळी होती. शेजाऱ्यांनी शशीच्या कपाळाला गुलाल लावला, तिनं डाव्या हातानं माझ्या तोंडाला फासला, बेसावध गाठून. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा पूर्वीची शशी.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर ती दाराकडे बोट दाखवत राहिली, मग तिच्या चपलांकडे. मी विचारलं, ‘फिरायला?’ ‘नाही.’ ‘चर्चला?’ ‘नाही.’ मला आधीच कळलं होतं. मी उगाच दुसरी नावं घेत होतो. शेवटी विचारलं, ‘अमोघकडे?’

तिनं डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, ‘उन्हं वाढायच्या आत जाऊ.’

२२ मार्च, शनिवार

आठवडाभर रोज काहीतरी कारण काढत होतो. आज गेलो.

सकाळी साडेसातला रिक्षा बोलावली. पादरी साहेबांनी चौकीदाराला सांगून ठेवलं होतं, त्यानं चाकाची खुर्ची आत घ्यायला फाटक पूर्ण उघडलं. मी त्याला विचारणार होतो कुठे म्हणून, पण शशीनं बोट पुढे केलं. सरळ. मग डावीकडे. इंग्रजांच्या मोठमोठ्या दगडी कबरी मागे टाकून आम्ही भिंतीपर्यंत गेलो. तिथे लहान मुलांची ओळ आहे. हे मला माहीत नव्हतं की मुलांची वेगळी ओळ असते.

तिनं हात वर केला. मी खुर्ची थांबवली.

दोन वीत रुंद, जेमतेम दोन हात लांब. विटांची कड, तिला चुना मारलेला, गेल्या नोव्हेंबरचाच. म्हणजे आजारी पडायच्या तीन आठवडे आधी ती इथे वाकून चुना मारत होती आणि मी घरी बसून चर्चचं काम अजून कसं संपलं नाही म्हणून जेवायला खोळंबलो होतो. लोखंडी पट्टीच्या क्रूसावर तिच्याच अक्षरात रंगवलेलं होतं, मराठीत: अमोघ अनंत देवरे.

मधलं नाव मी बराच वेळ वाचत राहिलो.

पालापाचोळा साचला होता. खाली बसून हातानं काढला. गुडघे कुरकुरले. आता प्रार्थना म्हणायची हे मला माहीत होतं, पाठही होती, तोंड उघडलं तर पहिली हाकच आठवेना. मी वर शशीकडे बघितलं. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि डोळे मिटले, आणि मी वाट बघत राहिलो, कारण तिचा चेहरा शब्द शोधतानाचा होता. शिवांगीनं शिकवलंय, अशा वेळी मध्ये बोलायचं नाही.

‘अमोघ,’ ती म्हणाली. पूर्ण, शेवटच्या ‘घ’सकट.

भिंतीपलीकडून एक ट्रॅक्टर गेला. मी हललो नाही.

‘अमोघ. बाबा...’ तिचे ओठ थरथरत होते. ‘बाबा आले.’

कुणी शिकवलेलं नव्हतं. पाठ केलेलं नव्हतं. आजारानंतरचं तिचं स्वतःचं पहिलं वाक्य.

मी मातीवर हात ठेवला. ती उन्हानं गरम व्हायला लागली होती. म्हटलं, ‘हो रे बाळा, आलो. फार उशीर झाला.’